बीदाबनच्या आईकडून

अ‍ॅग्नेस, तुझ्या बहिणीचं पत्र मंगळवारी आलं. सलमाच्या अब्बांनी ते दवाखान्यातच फोडलं आणि दुपारी जेवायला घरी आले ते खिशात ठेवूनच. मी सुकटीचं कालवण वाढलं, त्यांनी मुकाट्यानं खाल्लं, हात धुतले आणि मग म्हणाले, "सकीना, जरा बस." मी म्हटलं, "बसायला वेळ कुणाला आहे? भांडी काय तुमचा साहेब घासणार?" माझं तोंड तुला ठाऊकच आहे. मग त्यांनी पत्र काढलं. एक ओळ इंग्रजीत वाचायचे, थांबायचे, मग मराठीत सांगायचे. तिसऱ्या ओळीत तू गेल्याचं कळलं. मला वाटलं मी ऐकण्यात चुकले, म्हणून परत वाचायला लावलं. ते पहिल्यापासून वाचायला लागले, आणि मघाशी गाळलेल्या मायन्यालाच अडले.

"डिअर मदर ऑफ बीदाबन," त्यांनी वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "ही बीदाबन कोण?"

पाच वर्षं होत आली, आणि मुलीच्या बापाला मुलीचं नाव ठाऊक नाही. मी पदर तोंडावर घेऊन उठले ती सरळ मोरीवर गेले. त्यांना वाटलं तुझ्यासाठी रडतेय. तुझ्यासाठीच रडत होते, पण त्यात माझी लाज किती होती ते त्यांना कसं कळणार?

म्हणून हे लिहायला बसले. फायनलपर्यंत शिकलेय, मराठी लिहिता येतं, आणि तुला मराठी वाचता येत नव्हतं ते एका परीनं बरंच. हे तुला पोचणार नाही, हे कळण्याइतकी अक्कल मला आहे. बैल गेला आणि झोपा केला, असं आमच्याकडे म्हणतात. मी तोच झोपा बांधायला बसलेय.

तू आलीस तो दिवस आठवतो? आखाताच्या वाळवंटातल्या या अख्ख्या अल ऐनमध्ये बोंब झाली होती की दवाखान्यात नवी नर्स आलीय, आणि ती इंडियन आहे. मी त्या वेळी बायकांच्या बाजूला मदतीला जायचे, कारण हे कंपाउंडर असले तरी पुरुष, त्यांना तिकडे पाऊल टाकता येत नसे. इंडियन बाई म्हटल्यावर मला आभाळ ठेंगणं झालं. तांदळाच्या चार भाकऱ्या फडक्यात बांधून मी धावत आले. दोन वेण्या, सावळा रंग, गालाची हाडं वर आलेली. म्हटलं असेल नेपाळच्या बाजूची. "बहेन, किधर की हो?" मी विचारलं. तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग डॉक्टरांनी हसत हसत सांगितलं, की ही कॅनडाची. गोरे हिंदुस्थान शोधायला निघाले, वाट चुकून हिच्या मुलखात पोचले, आणि तिथल्या लोकांनाच इंडियन म्हणायला लागले. तू खांदे उडवलेस आणि भाकरीचा तुकडा मोडलास. "चुकीची नावं वागवायची आम्हाला सवय आहे," असं काहीसं म्हणालीस. मला तेव्हा ते नुसतंच गमतीचं वाटलं होतं.

आपली भाषा तरी काय होती! अर्धी मोडकी अरबी, पाव इंग्रजी, उरलेले हातवारे. पण आपण त्यातच भांडायचो. तू म्हणायचीस, तुमच्या ओजिब्वे भाषेत दगडाबद्दल बोलताना माणसाबद्दल बोलतात तसंच बोलतात, दगड जिता असतो. मी म्हणायचे, "मग तुझ्या जित्या दगडाला सांग, वाटेतून बाजूला हो." तू म्हणायचीस, "सांगून बघ. त्याला घाई नसते, एवढंच." तू पाण्याला नीबी म्हणायचीस आणि फलजच्या, डोंगरातून आणलेल्या पाटातून पाणी उचलण्याआधी ओठातल्या ओठात काही पुटपुटायचीस. मी म्हणायचे, आम्हीपण बिस्मिल्ला म्हणतो, त्यात काय मोठं. तुला माझ्या या 'त्यात काय मोठं'चा राग यायचा.

आणि तो तांदळाचा दिवस. हर्णैहून आईनं लाल तांदूळ पाठवले होते, आणि मी दारात बसून सुपानं पाखडत होते. तू ड्यूटीवरून येत होतीस. उभी राहिलीस, आणि बघता बघता तुझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी घाबरले. म्हटलं कोण मेलं? तू सूप माझ्या हातातून घेतलंस आणि पाखडायला लागलीस. कोकणातल्या सात पिढ्या पाखडत आलेल्या बाईसारखं! तेव्हा तू सांगितलंस, की तुमच्याकडे तळ्यात आपोआप भात उगवतं, तुम्ही होडीतून जाऊन ते काठीनं होडीत झोडता, भाजता, पायांनी मळता आणि झाडाच्या सालीच्या सुपानं पाखडता. मनोमिन म्हणता त्याला. म्हणजे चांगलं बी. त्या दिवशी आपण दोघींनी मिळून सगळे तांदूळ पाखडले, आणि अर्धा तास एक शब्द बोललो नाही. माझ्या आयुष्यात मी इतका वेळ गप्प बसल्याचं दुसरं उदाहरण नाही.

त्याच दिवशी तू शाळेचंही सांगितलंस. सात वर्षांची असताना गोऱ्यांनी तुला घरातून उचलून त्यांच्या शाळेत नेलं, वेण्या कापल्या आणि अ‍ॅग्नेस हे नाव दिलं. तुमच्या भाषेतला शब्द तोंडातून निघाला की साबण तोंडात घालायचे. तू पांघरूण डोक्यावर ओढून एकेक शब्द मनात मोजायचीस, कुठला हरवला नाही ना बघायला. हे सगळं तू तांदळातले खडे वेचता वेचता सांगितलंस. आणि मी, अ‍ॅग्नेस हे शाळेनं चिकटवलेलं नाव म्हटल्यावर, मग तुझं खरं नाव काय, एवढंही विचारलं नाही. पुढच्या वर्षांतही नाही. आता विचारावंसं वाटतंय तर तू नाहीस.

आता त्या गोष्टीकडे येते, जिच्यासाठी हे सगळं.

सलमाचा जन्म तुझ्या हातून झाला. दोन दिवस मी अडले होते आणि दोन दिवस तू माझ्या उशाशी होतीस. दुपार कलताना, अस्रच्या बांगेला पोरगी आली. आमच्याकडे सुईणीला रिकाम्या हातानं पाठवायचं नसतं. चोळी द्यावी, तर तू चोळी घालत नाहीस. पैसे तू घेणार नाहीस. मग मी माझ्याकडची सगळ्यात लाडकी वस्तू काढली. आईनं बोटीवरून पाठवलेली तंबाखूची पानं. मिश्रीची. आमच्याकडच्या बायका ती तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, कुटतात आणि सकाळी दाताला लावतात. या वाळवंटात ती पानं म्हणजे माझं सोनं होतं. त्यातली निम्मी मी लाल फडक्यात बांधली आणि तुझ्या हातावर ठेवली.

तू हसली नाहीस, नको म्हणाली नाहीस. दोन्ही हातांनी ती पुरचुंडी धरलीस, वास घेतलास. मग विचारलंस, "तंबाखू? तू मला देतेस? या बाळासाठी?"

"हो हो, बाळासाठीच," मी म्हटलं. "दोन दिवस एवढं केलंस तिच्यासाठी."

"तुला नक्की हवंय?"

"वल्ला, नक्की! घे ना गं."

मला काय माहीत, की तुमच्या लोकांत बाळाला नाव हवं असलं, की मोठ्या माणसाच्या हातावर तंबाखू ठेवायची असते. ठेवली म्हणजे मागितलं. घेतली म्हणजे कबूल केलं.

चार दिवस तू सकाळी ड्यूटीच्या आधी डोंगराच्या पायथ्याशी जाऊन बसायचीस. लोक म्हणायला लागले, सिस्टर खुळी झाली. चौथ्या दिवशी तू आलीस, पोरीला उचललंस, आणि चारी दिशांना तोंड करून तिचं नाव सांगितलंस. बीदाबन. मला म्हणालीस, चार वेळा म्हण. मी हसत हसत म्हटलं. मला वाटलं, तुमच्याकडची काही दुवा असेल. मग तू अर्थ सांगितलास. उजेड येतोय. नुसता उजेड नाही. येतोय, इकडे, आपल्याकडे.

मी लगेच खुसपट काढलं. "अगं, ही तर दुपारची जन्मली."

"नाव ती कधी आली त्याचं नाही," तू म्हणालीस. "ती काय करतेय त्याचं आहे."

आणि मग ती दुसरी गोष्ट सांगितलीस. नाव देणारी आणि नाव घेणारी, दोघींचं एक नातं जुळतं. त्याला तुमच्या भाषेत एक शब्द आहे. त्या शब्दाच्या पोटात 'माझा देह' असा अर्थ बसलाय, कारण देणारीच्या जिवातलं काहीतरी बाळात जातं. आणि दोघी एकमेकींना तोच शब्द वापरतात, मोठी लहान असा भेद नाही. ती बोलायला लागली की मला असं म्हणेल, तू म्हणालीस. तुला मूलबाळ नव्हतं, अ‍ॅग्नेस. तुझा चेहरा त्या वेळी कसा झाला होता ते मी पाहिलं होतं. तू तो शब्द माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलास. वर म्हणालीस, "लिहून ठेव, विसरशील." मी म्हटलं, "कुराणातल्या बारा सुरा तोंडपाठ आहेत मला. तुझा एक शब्द राहणार नाही होय?"

तेव्हा खरं सांगायला हवं होतं. हे नाव आम्ही मागितलं नव्हतं, आमच्यात नाव घरातलं मोठं माणूस ठेवतं, आणि सासऱ्यांचं पत्र हर्णैहून निघालेलंच असेल. पण तुझा चेहरा बघून माझी जीभ रेटेना. एरवी कात्रीसारखी चालते ती. पत्र आलं, त्यात सलमा होतं. तिकडे समुद्राकाठी देऱ्याला चुलत सासऱ्यांच्या घरी नाव ठेवायचा अकीका झाला. तिथे बायकांच्या घोळक्यात मी गमतीनं तू दिलेल्या नावाचा विषय काढणारच होते, तेवढ्यात चुलत सासूबाई म्हणाल्या, "सकीना, ती दवाखान्यातली सिस्टर पोरीच्या कानात काय काय म्हणते म्हणे. बघ हो, बाटवायची एखादे दिवशी." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "छे, तिचं कोण ऐकतंय!" झालं. शेपूट घातलं मी, ते कायमचं.

परत आल्यावर तू विचारलंस, "बीदाबन कशी आहे?" मी म्हटलं, "छान आहे." तू विचारलंस, "घरी तसंच हाक मारता ना?" मी म्हटलं, "हो." एक हो, अ‍ॅग्नेस. त्यानंतर दोन वर्षं त्या होला पाणी घालत बसले. तू आलीस की मी पोरीला मुन्नी म्हणायचे, बेटा म्हणायचे, काहीही म्हणायचे, फक्त सलमा म्हणायचे नाही. घरातून बाहेर पडलीस की सलमा. आणि तू तिकडे तुझ्या आईला पत्रावर पत्रं लिहीत होतीस, की इथे वाळवंटात आपली एक बीदाबन आहे.

मग तू सहा महिने रजेवर घरी गेलीस. आलीस ती हातात मण्यांचे इवलेसे चामडी बूट घेऊन. तुझ्या आईनं शिवलेले. पोरगी पाटाच्या काठी बसून खजुराच्या बिया पाण्यात सोडत होती. तू दारातूनच हाक मारलीस, "बीदाबन!" ती वळली नाही. तू थोडी पुढे आलीस, परत मारलीस, "बीदाबन!" पोरीनं अजून एक बी पाण्यात सोडली. तुला वाटलं असेल, खेळात रमलीय. तू तिसऱ्यांदा मारणार होतीस, तोंड उघडलंही होतंस. मला ते बघवेना. माझ्याच तोंडून निघून गेलं, "सलमा! बघ कोण आलंय!" आणि ती धावत आली.

तू वाकून तिच्या पायात बूट घातलेस. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू गप्प, म्हणून मीच भांडले. चोर तो चोर, वर शिरजोर.

"मी मिश्री दिली होती!" मी ओरडले. "दाताला लावायची! नाव कुणी मागितलं होतं तुझ्याकडे?"

"मिश्री म्हणजे?" तू विचारलंस. मी तुला डबी दाखवली, माझे काळपट दात दाखवले. तू बघितलंस आणि हसायला लागलीस. इतकी हसलीस, की मलाही हसू आलं, आणि आपण दोघी उंबऱ्यावर बसून पोट धरून हसलो. मग मी हसतच होते आणि तुझं थांबलं होतं.

"मी चार दिवस मागत होते तिच्यासाठी," तू म्हणालीस. "ते मिळालं. आता परत नाही होत."

"मला ठाऊक नव्हतं गं."

"तुला नव्हतं. तंबाखूला होतं." मग थोड्या वेळानं, "नाव तिचंच आहे, सकीना. तिला कुणीतरी सांगायला मात्र हवं. मी नाही सांगणार. आई तू आहेस."

"सांगेन," मी म्हटलं. "इन्शाल्ला, जरा मोठी होऊ दे."

त्या दिवसापासून तू तिला सलमा म्हणायला लागलीस. किती जपून म्हणायचीस ते, आपला उच्चार चुकू नये म्हणून. तुझी भाषा तोंडातून काढायला त्यांना साबण लागला होता. मला काहीच लागलं नाही. हे मी कुणाजवळ बोलू?

नोकरीची मुदत संपली आणि तू निघालीस. दवाखान्याची लँडरोव्हर फाटकाशी उभी होती, ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" करत होता. मी "खुदा हाफिज" म्हटलं. तू म्हणालीस, तुमच्यात निरोपाचा शब्दच नाही, तुम्ही म्हणता गिगा-वाबमिन, मी तुला बघेन. मग सलमासमोर गुडघ्यावर बसलीस. माझ्याकडे पाहिलंस. तू कशासाठी थांबलीयस ते मला स्वच्छ कळत होतं. तिला तिचं नाव सांगायचं, दोन शब्दांचं काम होतं. शेजारी हे उभे होते, डॉक्टर होते, बायका होत्या. मी म्हटलं, "सलमा, सिस्टरला सलाम कर." तिनं केला. तू उठलीस, स्कर्टची वाळू झटकलीस आणि गाडीत बसलीस.

तुझ्या बहिणीनं लिहिलंय, छातीचं दुखणं होतं, फार दिवस पडून नव्हतीस. तुझ्या हाताशी एक लाल फडक्यातली पुरचुंडी होती, तंबाखूची, ती तुझ्याबरोबर ठेवली. दर शरदात भात झोडायला होड्या निघतात तेव्हा तुमची आई पाण्यावर चिमूट सोडते आणि घरातल्या पोरांची नावं घेते, त्यात बीदाबनचं घेते. आणि शेवटी विचारलंय, बीदाबन आता केवढी झाली? म्हणजे तू त्यांना सांगितलंच नाहीस. माझं खोटं तू घरी नेलं नाहीस. माझी अब्रू झाकलीस, अ‍ॅग्नेस, आणि मी तुझं एवढंसं काम केलं नाही.

सलमाच्या अब्बांना मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. वाटलं होतं, चिडतील. त्यांनी दाढी खाजवली. मग म्हणाले, "आपल्या गावात प्रत्येकाला दोन नावं असतात. मला अजून कोण हनीफ म्हणतं तिकडे? त्यात लपवायचं काय होतं?" पाच वर्षं मी ज्याला घाबरले, ते एवढंच होतं.

काल दुपारी मी सलमाला घेऊन पाटाच्या काठी बसले. मिश्रीची न भाजलेली पानं घेतली होती, चिमूटभर पाण्यात सोडली. म्हटलं, "तुझं अजून एक नाव आहे."

"शाळेतलं?"

"नाही. सलमाच्याही आधीचं." आणि चार वेळा म्हणून दाखवलं. तिनं पहिल्याच झटक्यात बरोबर म्हटलं. अर्थ सांगितला, उजेड येतोय, इकडे. तिनं वळून मागे बघितलं, कुठून येतोय ते.

"कुणी ठेवलं?"

"अ‍ॅग्नेस सिस्टरनं."

"बाहुलीचे बूट दिले ती?" ते बूट आता बाहुलीला होतात. "मग मी तिला काय म्हणायचं? मावशी?"

तो शब्द. दोनदा म्हणवून घेतला होतास. न्या होता की नी होता सुरुवातीला, मधे काहीतरी नाकातलं होतं. बारा सुरा तोंडपाठ असलेल्या बाईला तो एक शब्द आठवेना. या साऱ्या मुलखात, इथपासून देऱ्यापर्यंत, कुणाला विचारू? तू या पोरीच्या तोंडून ऐकायला थांबली होतीस तो तेवढाच शब्द होता, आणि तोच मी घालवला.

"विसरले," मी म्हटलं. "एवढंच आठवतं, की दोघी एकमेकींना एकच म्हणतात. ती तुला म्हणेल तेच तू तिला."

तिनं विचार केला. "ती मला बीदाबन म्हणायची ना? मग मीपण तिला बीदाबन म्हणते."

तसं नसतं, असं अगदी ओठावर आलं होतं. म्हटलं, सकीना, कसं असतं आणि कसं नसतं ते सांगण्याचा तुझा हक्क संपला.

ती उभी राहिली. तू सकाळी जायचीस त्या डोंगराकडे तोंड केलं आणि तोंडाशी हात धरून ओरडली, "बीदाबन!" मग थोडं थांबून परत, "बीदाबन!" तिकडून काही आलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं.

"अजून एकदा हाक मार," मी म्हटलं.